पेट्रोल भरायला

पुण्याहून साडूभाऊ आणि मोठी मेहुणी येणार म्हटलं की आमच्या घरात दोन गोष्टी होतात. बायको गाद्या उन्हात टाकते आणि मला बजावते, "भाऊजींसमोर 'बंध' म्हणू नका." आम्ही चार पिढ्या बडोद्यातले, दांडिया बाजारातले. पंखा बंध करतो, दार बंध करतो, आणि शेवटी 'ने' लावल्याशिवाय आमचं वाक्य पुरं होत नाही. साडूभाऊ असं काही ऐकलं की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणतात आणि म्हणतात, "बंद. ध नव्हे, द." निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी उद्योग लागतोच.

या वेळी मेहुणीनं विषय काढला. "इतक्या वेळा आलो, पण तुम्ही बडोदं काही दाखवलं नाहीत." हे खरं होतं. आपल्या गावात बघण्यासारखं काय आहे हे गावातल्या माणसाला कधी सांगता येत नाही. मी कीर्तिमंदिरात शेवटचा गेलो तो शाळेच्या सहलीत, आणि तिथलं मला आठवतं ते एवढंच की माझा डबा दुसऱ्यानं खाल्ला.

"रिक्षा करू," मी म्हटलं.

"रिक्षातून कुठं बडोदं बघतात?" हा आवाज खिडकीबाहेरून आला. आमच्या पोळीत, म्हणजे गल्लीत, सगळे ज्यांना मामा म्हणतात ते मामा. "माझी ऑस्टिन आहे ने!"

मामांकडे १९४९ सालची ऑस्टिन ए-४० आहे. वर्षातून दोनदा ती ताडपत्रीखालून बाहेर निघते, दसऱ्याला झेंडूची माळ घालते आणि परत आत जाते. ती चालते हे मी ऐकून होतो.

"पण ही काही व्हिंटेज नव्हे," साडूभाऊ गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले. "व्हिंटेज म्हणजे १९१९ ते १९३०. ही फार तर क्लासिक."

मामांनी शांतपणे नंबर प्लेटवर बोट ठेवलं. त्यावर 'व्हीए' होतं. २०२१ पासून आपल्या सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज मानून वेगळी नोंदणी दिली आहे, हे मामांना तोंडपाठ होतं. त्या नियमांतलं पुढचं कलमही तोंडपाठ होतं. अशी गाडी रोज वापरायची नाही आणि धंद्याला लावायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची.

"म्हणून आपण पेट्रोल भरायला जातोय," मामा म्हणाले. "वाटेत जे दिसेल ते दिसेल. मी पैसे घेणार नाही हां. फक्त पेट्रोल तुम्ही भरा."

या शेवटच्या वाक्याकडे मी त्या वेळी लक्ष द्यायला हवं होतं.

गाईडही मामांचाच. त्यांच्या माडीवर भाड्यानं राहणारा, विद्यापीठात पुरातत्त्व शिकणारा गुजराती घरचा मुलगा. तो 'बंद' म्हणतो. साडूभाऊंनी त्याला तिथल्या तिथे जवळ केलं. अडचण एवढीच की गाडीत त्याला जागा नव्हती. पुढे मामा आणि मानाचे साडूभाऊ, मागे खिडकीशी एकेक बहीण आणि मधे मी, मांडीवर बाकरवडीचा डबा घेऊन. (पुण्याहून बडोद्याला बाकरवडी आणणं म्हणजे काय हे इथल्यालाच कळेल. आमची भाखरवडी वेगळी, आमचं मत त्याहून वेगळं, पण पाहुण्यांसमोर बोलता येत नाही.) तेव्हा असं ठरलं की गाईड आपल्या स्कूटरवरून गाडीच्या बाजूनं चालेल आणि खिडकीतून माहिती देईल.

मार्च संपत आला होता. सकाळी दहालाच ऊन चढलं होतं. मामांनी चोक ओढला, हँडल घालून दोनदा फिरवलं, आणि गाडीनं असा काही आवाज केला की समोरच्या ओट्यावरचं मांजर कौलांवर गेलं. चाळीस हॉर्सपॉवर, मामा म्हणाले. त्यातले काही घोडे लंगडे असावेत.

सुरसागरापर्यंत छान गेलो. गाईड बाजूनं ओरडत होता, पण बसच्या हॉर्नमधून आमच्यापर्यंत पोचला तो फक्त "...हे १८९६ साली बांधलं..." एवढाच तुकडा. तेवढ्यात त्याच्या आणि आमच्या मधे रिक्षा घुसली. मेहुणी तळ्यामधल्या शंकराच्या मूर्तीकडे बघत होती. तिनं हात जोडले आणि वहीत १८९६ लिहिलं. ती मूर्ती माझ्या डोळ्यांदेखत उभी राहिली आहे. १८९६ चं होतं ते पलीकडचं न्यायमंदिर. पण सांगणार कुणाला? मेहुणीचं लिहून झालं होतं, आणि ती लिहिलेलं खोडत नाही.

दुसरी भानगड हातांची. या गाडीला वळायचे दिवे नाहीत. दोन दारांच्या मधल्या खांबातून एक पिवळा हात टपकन बाहेर येतो, तोच इशारा. उजव्या बाजूचा येत होता. डाव्या बाजूचा मामांनी आतून बुक्की मारली तरच येई, तीही तिसरी. अखेर डावीकडे वळताना साडूभाऊंनी खिडकीतून स्वतःचा हात बाहेर काढायचा असं ठरलं. त्यांनी काढला. लोकांना वाटलं हे आपल्याला हात करतायत. लोकांनीही केले. शाळेची मुलं ओरडली, एका आजोबांनी सायकलवरून उतरून नमस्कार केला, ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आला. लहेरीपुरा दरवाजा येईपर्यंत साडूभाऊ डावीकडे वळायचं नसतानाही हात बाहेर ठेवू लागले. एवढे मुजरे बडोद्यात गायकवाडांनंतर कुणी घेतले नसतील.

आम्ही शहर बघायला निघालो होतो खरे, पण मान वळवून बघत होतं ते शहर. मी दोन बहिणींच्या मधे बसून फक्त मामांची मान आणि साडूभाऊंचं टक्कल बघत होतो.

मांडवीला गाडी गचकली, दोनदा ढेकर दिली आणि थांबली.

"बंध पडली," मी म्हटलं. बायकोनं चिमटा काढला.

मामांनी बॉनेट उघडलं. ही गाडी थांबते ती अशी: आतल्या उष्णतेनं नळीतल्या नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही. हल्लीच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलनं हा त्रास वाढला असं मामांचं म्हणणं. उपाय एकच, पंपावर ओला फडका टाकून निवायची वाट बघायची. फडका कुणाकडे? साडूभाऊंच्या खिशात इस्त्रीचा पांढरा रुमाल होता. होता.

आणि मग गाईड पोचला. त्यानं स्कूटर स्टँडला लावली, घसा खाकरला आणि सकाळपासून तुंबलेला सगळा इतिहास सोडला. तेव्हा मला त्या दिवसाचा कायदा कळला. गाडी चालू तर इतिहास बंद, गाडी बंद तर इतिहास चालू. मांडवी शहराच्या मध्यावर, इथून चार दिशांना चार वेशी, लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट. हे त्यानं चारी दिशांना वळून सांगितलं. ऐकायला माणसं जमली. बांगडीवाला आला, उसाच्या रसवाला आला, दोघे तिघे नुसतेच आले. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. ते अजून मागे घेतलेलं नाही, असं त्या गर्दीकडे बघून वाटलं.

गाईड पोरगा सांगत छान होता, हे कबूल केलं पाहिजे. मालेगावजवळच्या कवळाण्याची शेतकऱ्याची मुलं महाराणी जमनाबाईंसमोर उभी केलेली. त्यांना विचारलं म्हणे, इथं कशाला आलात? बाकीचे चाचरले. बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, राज्य करायला. तोच १८७५ मध्ये दत्तक गेला, सयाजीराव झाला आणि १९३९ पर्यंत गादीवर राहिला. ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली आहे, पण भर मांडवीत, उन्हात, रसाचा ग्लास हातात घेऊन ऐकताना अंगावर काटा आला. काही अंशी तो बर्फाचा असेल.

नेमका तेव्हाच ट्रॅफिक पोलीस आला. "काय चाललंय? इथं कशाला आलात?"

सगळी गर्दी मामांकडे बघू लागली.

"पेट्रोल भरायला," मामा म्हणाले. तेवढ्याच ताठ्यात.

पोलिसानं आजूबाजूला पाहिलं. मांडवीत पेट्रोल पंप नाही. पण मग त्यानं गाडीकडे पाहिलं, आत डोकावला, माझ्या मांडीवरचा डबा पाहिला, आणि त्याच्यातला कायदा विरघळला. "धक्का मारू का?" त्यानं विचारलं.

धक्का मारायला बांगडीवाला, रसवाला, पोलीस आणि मी. साडूभाऊ आतच बसले, हात दाखवायला कुणीतरी हवं म्हणून. गाईड बाजूनं चालत बोलतच होता. "लाज वाटून घेऊ नका काका, ही आपली परंपराच आहे. १८६२ मध्ये गायकवाडांनी डभोई ते मियागाम रेल्वे सुरू केली, भारतातली पहिली अरुंद रुळांची. तीही सुरुवातीला बैलच ओढायचे. सोन्याच्या तोफा होत्या, त्याही बैलच ओढायचे." एवढं बोलून त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि जीभ चावली. मागून ढकलणाऱ्यांची भावना दुखावली होती, पण गाडी सुरू झाली, त्यामुळे इतिहास पुन्हा बंद झाला.

कीर्तिमंदिर चालत्या गाडीतून झालं. मामा म्हणाले, आता थांबलो तर निघणार नाही. आत भिंतींवर नंदलाल बोसांनी रंगवलेली चित्रं आहेत, ती गाईडनं स्कूटरवरून एका हातानं वर्णन करून दाखवली. दुसऱ्या हातानं तो पडता पडता वाचला.

विश्वामित्रीच्या पुलावर रेडिएटरनं वाफ सोडली. या वेळी बंद पडली नाही, मामांनीच पाड... थांबवली. झाकण गरम असताना उघडायचं नसतं, म्हणून पुन्हा वाट बघणं. पुढे चौकात सयाजीरावांचा काळा घोडा दिसत होता, तो ऐटीत उभा, आमचे चाळीस आडवे. बाटलीत पाणी थोडंच होतं. साडूभाऊंनी कठड्यावरून खाली वाकून विचारलं, "नदीचं आणलं तर?"

"आणा की," गाईड म्हणाला, "फक्त मगरींना विचारून." आणि मग त्यानं सांगितलं की शहराच्या मधून वाहणाऱ्या या नदीत मगरी राहतात, पूर आला की त्या रस्त्यावर येतात, २०१९ मध्ये आल्या, २०२४ मध्ये पुन्हा आल्या. मेहुणी कठड्यापासून चार पावलं मागे सरकली आणि वहीत लिहू लागली. मला राहवेना. मी डबा उघडला. पुलावर, चाळीस घोड्यांच्या वाफेत, आम्ही सहा जणांनी पुण्याची बाकरवडी संपवली. चांगली होती. हे मी इथं लिहितोय, घरी म्हटलेलं नाही.

कमाटी बागेत मात्र शिरलो, रेडिएटर भरायला. नळ होता, सावली होती. १८७९ ची बाग, म्युझियममधली ममी आणि देवमाशाचा सांगाडा एवढं आत जाऊन पाहिलं आणि तिघं बाकावर पाय पसरून बसलो. दिवसातली ही एकच जागा आम्ही चालत बघितली, आणि मेहुणीच्या वहीत हिच्यापुढेच काही लिहिलेलं नाही.

लक्ष्मीविलास राजवाडा गाईडनं मुद्दाम शेवटी ठेवला होता, जेवणानंतरच्या गोडासारखा. आम्ही पोचलो तेव्हा तिकीटखिडकी मिटलेली होती. दरवाज्यातूनच बघितला. १८९० मध्ये पुरा झाला, बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे म्हणतात, असं गाईडनं आवाज उतरवून सांगितलं. आराखडा मेजर मांट यांचा. आपला हिशेब चुकलाय, इमारत कोसळेल, या धास्तीनं त्या बिचाऱ्यानं जीव दिला असं सांगतात. पुढे चिझम यांनी काम तडीला नेलं. राजवाडा अजून जसाच्या तसा उभा आहे.

साडूभाऊ बराच वेळ मामांकडे बघत राहिले. मामांना कसलीच धास्ती नव्हती. ते टाकीत लाकडी पट्टी घालून पेट्रोल मोजत होते, कारण काटा त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून अर्ध्यावर आहे. पट्टी कोरडी निघाली.

"चला," मामा म्हणाले, "आता खरंच."

पंपापर्यंत उतारानं आलो. रांग होती. पुढे दोन रिक्षा, एक बुलेट, मग आम्ही. पंपावरच्या पोरानं नळी हातात घेतली आणि पाटीकडे बोट दाखवलं: भरताना इंजिन बंद ठेवा. मामांचा हात चावीकडे गेला. दिवेलागण झाली होती, धक्का मारणारे मांडवीत राहिले होते, घर अजून तीन किलोमीटर होतं. ते सगळं साडूभाऊंच्या डोळ्यांसमोरून एकदम गेलं असावं. ते सीटवरून अर्धे उठले आणि ओरडले,

"मामा, बंध नका करू ने!"

कुणी काही बोललं नाही. मेहुणी त्यांच्याकडे बघत राहिली. बायकोनं मला चिमटा काढायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला.

मामांनी बंध केली. गाईडनं स्कूटर स्टँडला लावली आणि घसा खाकरला.