बेनेटबाईंना हसणं बंद करा

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगते.

संध्याकाळी कॉलेज रोडला एका ओळखीच्यांकडे पटकथेचं वाचन होतं. पोरं चांगली आहेत, मेहनती आहेत, आपल्या नाशिकची आहेत, म्हणून कौतुकाने गेले होते. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' मराठी सिनेमात आणायची, तीही नाशिकमध्ये. नायक डार्सी म्हणजे गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षबागा असलेल्या घरचा मुलगा, नायिका एलिझाबेथ पंचवटीतल्या जुन्या वाड्यातली. कल्पना ऐकूनच मला आनंद झाला होता. वाचन सुरू झालं आणि पहिल्याच प्रसंगात एलिझाबेथची आई आली, म्हणजे मूळ पुस्तकातल्या बेनेटबाई. किंचाळणारी, नको तिथे नको ते बोलणारी, मंगल कार्यालयात मुलांच्या आयांच्या मागे धावणारी. तिच्या प्रत्येक वाक्याला हशा. पानामागून पानं गेली तरी बाईला दुसरं कामच नाही. शेवटी न राहवून मी विचारलं, अरे, वाडा कोणाच्या नावावर आहे? बाप गेल्यावर या मुलींचं काय होणार? तर पटकथा लिहिणारा मुलगा म्हणाला, "काकू, ते वारसाहक्काचं ब्रिटिश प्रकरण आम्ही काढून टाकलं. आपल्या लोकांना ते रिलेट होणार नाही. लोकांना लव्हस्टोरी बघायची असते."

रिलेट होणार नाही. नाशिक जिल्ह्यात!

ज्यांनी कादंबरी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८१३ सालची गोष्ट. बेनेट कुटुंबाला पाच मुली, मुलगा नाही. वर्षाला दोन हजार पौंडांचं उत्पन्न देणारी जमीन आहे, पण ती फक्त पुरुष वारसाकडे जायची अशी कागदोपत्री सोय आधीच झालेली. म्हणजे बेनेट गेले की घर आणि जमीन कॉलिन्स नावाच्या दूरच्या नातेवाइकाची. बायको आणि पाच मुली रस्त्यावर. बेनेटसाहेबांनी काही शिल्लक का टाकली नाही? तर लग्न झालं तेव्हा वाटलं, मुलगा होईलच, मग तो मोठा झाला की बापलेक मिळून ती अट मोडून टाकतील. एकामागून एक पाच मुली झाल्या. शेवटची झाल्यावरही कितीतरी वर्षं बाई आशा धरून होत्या. आशा सुटली तेव्हा बचतीला उशीर झाला होता.

आता मला सांगा, हे ब्रिटिश प्रकरण आहे? मुलगा होईल म्हणून वाट बघत बसलेली किती घरं मी तुम्हाला इथल्या इथे दाखवू?

माझ्याच आजीचं घर घ्या. आईची आई. जुन्या नाशकात तिवंध्याजवळ वाडा, निफाडकडे सामाईक शेती, चार मुली, मुलगा नाही. आजोबा बुद्धिमान माणूस, संस्कृत श्लोक तोंडपाठ, झोपाळ्यावर बसून वाचायचे आणि बोलले की समोरचा हसलाच पाहिजे. आजी प्रत्येक लग्नाला जायची ती कमरेच्या बटव्यात चिठ्ठ्या घेऊन. कोणाचा मुलगा कुठे शिकतो, कोणाचा तलाठी झाला, कोणाच्या घरी किती सासू-नणंदा. पंगत उठली की बायकांना कोपऱ्यात घेऊन विचारायची. आजोबा घरी आल्यावर तिची नक्कल करायचे. चारही मुली हसायच्या, माझी आईसुद्धा. आजोबांचे ते विनोद आमच्याकडे अजून सांगितले जातात.

आजीच्या हिशेबाच्या वहीबद्दल कोणी बोलत नाही. त्या वहीत दूध किती, वाण्याचं देणं किती, सोनं किती तोळे उरलं आणि ते चौघींत कसं पुरवायचं, हे सगळं होतं. घरात पैशाचा विचार करणारं माणूस एकच होतं, आणि सगळं घर तिलाच हसत होतं.

बेनेटबाईंचं दुसरं काय आहे? पुस्तकात बापाचे टोमणे चटपटीत आहेत म्हणून आपण बापाच्या बाजूने. पण तो बाप करतो काय? लायब्ररीचं दार लावून बसतो. सोळा वर्षांची धाकटी लिडिया विकहॅम नावाच्या माणसाबरोबर पळून जाते तेव्हा निस्तरायला येतो डार्सी. विकहॅमची हजार पौंडांच्या वरची कर्जं फेडतो, सैन्यात जागा घेऊन देतो. आणि बाप? मी दर वर्षी काही बाजूला टाकायला हवं होतं, अशी नुसती हळहळ. हे ऑस्टिनने लिहून ठेवलंय. पण पडद्यावर बाप प्रेमळ म्हातारा आणि आई विदूषक.

हो, ऑस्टिनने स्वतः त्या बाईची टिंगल केली आहे, पहिल्याच प्रकरणात तिला कमी अकलेची म्हटलंय. मान्य. पण त्याच लेखिकेने बाईची भीती खरी आहे हेही पानोपानी आकड्यांत दाखवलंय. शेजारी राहायला आलेल्या बिंगलीचं उत्पन्न वर्षाला चार-पाच हजार, डार्सीचं दहा हजार. कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालताना तोंडावर सांगतो की आईच्या पश्चात तुझ्या वाट्याला फक्त एक हजार पौंड येणार आहेत, तेही चार टक्क्यांनी गुंतवलेले. मागणी घालतानाच व्याजदर! अशी लेखिका पैसा विसरून नुसती प्रेमकथा लिहीत होती म्हणणाऱ्याने पुस्तक परत वाचावं.

आणि दिग्दर्शकांनी आजवर काय काय केलं तेही बघा. १९४० च्या हॉलिवूडवाल्यांनी लेडी कॅथरीनला, म्हणजे डार्सीच्या माजोरड्या मावशीला, शेवटी चक्क मनाने चांगली करून टाकली. वर्गाचा माज हा पुस्तकाचा कणा, तोच मोडला. १९९५ ची बीबीसीची मालिका सहा भागांची, तिला वेळ होता आणि तिने पुष्कळ काही ठेवलंही, पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? तळ्यातून ओल्या शर्टाने येणारा डार्सी, जो पुस्तकात नाहीच. २००५ च्या सिनेमात डार्सीची एलिझाबेथला पहिली मागणी धो धो पावसात. पुस्तकात ती चार भिंतींच्या आत आहे, आणि तो माणूस प्रेमाच्या कबुलीतच तुमचं घराणं किती हलकं आहे ते सांगतो. पाऊस आला की तो अपमान वाहून जातो, आपण चेहरे बघत राहतो. त्याच सिनेमात आई एकदा लिझीला, म्हणजे एलिझाबेथला, सुनावते, तुला पाच मुली झाल्या की सांग दुसरं काय डोक्यात येतं ते. तेवढ्या एका वाक्यासाठी मी त्या सिनेमाला बरंच माफ करते. २००४ मध्ये तीच गोष्ट अमृतसरला नेली, नाचगाणी झकास, पण घर हातचं जाण्याची भीती काही मला तिथे जाणवली नाही.

म्हणे पैसा पडद्यावर दाखवता येत नाही. येतो की! १९९५ चा 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' बघा. पटकथा एमा थॉम्प्सनची, तिला ऑस्कर मिळालं त्यासाठी. दिग्दर्शक तैवानचा आंग ली. मरणाऱ्या बापाने मुलाकडून वचन घेतलंय की सावत्र आई आणि बहिणींना सांभाळ. मुलगा तीन हजार पौंड द्यायचे ठरवतो. बायको त्याला समजावत समजावत, प्रेमाने, काळजीने, काहीच न देण्यापर्यंत आणते. सुरुवातीच्या काही मिनिटांत सगळं होतं आणि खुर्चीतून हलावंसं वाटत नाही. राजीव मेनन यांनी २००० साली तेच पुस्तक तमिळमध्ये आणलं तेव्हाही मृत्युपत्र, घर सुटणं, चेन्नईत नोकरीसाठी वणवण हे सगळं ठेवलं. तब्बू नोकरी शोधत फिरते ते बघताना कोणाला इंग्लंड आठवतं? लोकांनी डोक्यावर घेतला तो सिनेमा.

आणि नाशिककरांनी तरी हे बोलू नये. तात्यासाहेब शिरवाडकरांनी इथे बसून मॅकबेथचा 'राजमुकुट' केला, 'ऑथेल्लो' केलं. 'नटसम्राट'ची सुरुवातच कशाने होते? बाप मुलांना पैसे वाटून टाकतो. बाकीची सगळी शोकांतिका त्या वाटणीतून येते, आणि महाराष्ट्र पन्नास वर्षं ते बघून रडतोय. वाटणी आमच्या प्रेक्षकाला कळत नाही म्हणे!

मी त्या मुलाला हे सगळं बोलले नाही. तिथे चहा आला, विषय बदलला. म्हणून इथे बोलतेय.

आजोबा गेले. तेरावं झाल्यावर त्यांचा पुतण्या, आईचा चुलत भाऊ, कागद घेऊन आला. हक्कसोडपत्र. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आजीला आणि चारही मुलींना आजोबांच्या हिश्शात वाटा होता, सातबाऱ्यावर नावं लागू शकत होती. पण माहेर तुटेल, भाऊबीज बंद होईल, लोक काय म्हणतील. पाचही जणींनी सह्या केल्या. कोणी आवाज चढवला नाही, कोणी रडलं नाही, सही झाल्यावर मामाने सगळ्यांना साड्या दिल्या. वाडा गेला, शेती गेली. आजी त्यानंतर चार जावयांच्या घरी आळीपाळीने राहिली, एक ट्रंक घेऊन. बटव्यातल्या चिठ्ठ्या कशासाठी होत्या ते तेव्हा सगळ्यांना दिसलं. चार मुलींची चार घरं धड उभी राहिली म्हणून तिला डोक्यावर छप्पर होतं.

तिकडे निदान कायदाच उघडपणे मुलींच्या विरुद्ध होता. इकडे कायदा देतो आणि आपण साडी देऊन परत घेतो. महाराष्ट्राने १९९४ ला मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला, केंद्राने २००५ ला. तरी आज दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन बसा तासभर. नीटनेटक्या साड्यांतल्या बहिणी, शेजारी भाऊ, पुढ्यात हक्कसोड. आमच्या कॉलिन्सला तर लग्नाची मागणीही घालावी लागत नाही.

काही जण म्हणतील काळ बदलला, आता शेतकऱ्यांच्या मुलांनाच मुली मिळत नाहीत. खरं आहे. मग तेच दाखवा ना! दहा एकर बाग असलेल्या मुलाला मुलगी नकार देते, कारण तिला पुण्यात नोकरीवाला हवाय. बायोडाट्यात 'अपेक्षा' या रकान्याखाली काय काय लिहिलेलं असतं ते एकदा मोठ्याने वाचून दाखवा, अख्खा समाज दिसेल. आणि आपल्याकडे उच्चनीच नुसत्या पैशाने ठरत नाही, त्याच बायोडाट्यात जात कितव्या ओळीवर असते हे तुम्हालाही माहीत आहे. पटकथेत सगळ्यांची आडनावं सोयीने एकसारखी होती. डार्सी एलिझाबेथच्या मामाला कमी लेखतो कारण मामा व्यापारी, लंडनच्या चीपसाइड या व्यापारी भागाजवळ राहणारा. इथला डार्सी कशावरून कमी लेखेल? लिहा, हिंमत असेल तर.

शार्लटचं बोलायचं राहिलं. एलिझाबेथची मैत्रीण, सत्तावीस वर्षांची, रूप नाही, पैसा नाही. एलिझाबेथने नाकारलेल्या कॉलिन्सला ती हो म्हणते. या पटकथेत ती 'तडजोड करणारी मैत्रीण', दोन वाक्यांत संपलेली. माझी मोठी मावशी तशीच सासरी गेली. बघायला आलेला माणूस बडबड्या, स्वतःवर खूश, जेवताना सगळ्यांना उपदेश करणारा. आजोबांनी रात्री त्याचीही नक्कल केली. मावशी मात्र हसली नाही. आत जाऊन आजीला म्हणाली, मला चालेल. आजीने फक्त विचारलं, नक्की? आणि वहीत त्याचा पगार लिहिला. मावशी चाळीसच्या वर वर्षं त्या घरात राहिली, शिवणाचे क्लास चालवले, स्वतःची खोली बांधून घेतली. काका बाहेर व्याख्यान देत बसले की ती मागच्या खोलीत मशीनवर. शार्लटही तेच करते, नवऱ्याला बागकामाला प्रोत्साहन देते आणि स्वतःसाठी मागची बैठकीची खोली निवडते, म्हणजे तो फार फिरकणार नाही. इंग्लंडच्या त्या खोलीबद्दल मी वाचलं तेव्हा मला मावशीच्या मशीनचा आवाज ऐकू आला होता. ही बाई दुय्यम भूमिका नाही हो. निम्म्या कादंबरीचं वजन तिच्यावर आहे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. पोरांनी हात घातलाय ते कामच मुळात मोठं आहे, हे मी नाकारत नाही. दोन तासांत सगळं बसत नाही, निर्माता गाणी मागतो, वितरक हसवा म्हणतो, तेही कळतं. प्रेमकथा ठेवा, मलाही ती हवी आहे. डार्सी आणि लिझी एकमेकांना टोचून बोलतात तेव्हा मीही खूश होते. पण ते प्रेम कशाच्या विरोधात उभं राहतंय तेच दिसलं नाही तर त्याची किंमत कशी कळणार?

एक प्रसंग मी त्यांना फुकट देते. पुस्तकात एलिझाबेथ पेंबर्लीला, म्हणजे डार्सीच्या वाड्यावर, जाते, ते ऐश्वर्य बघते आणि तिच्या मनात चटकन येतं की इथली मालकीण होणं म्हणजे काहीतरी असतं. ऑस्टिन तिलाही सोडत नाही. मग घराची जुनी कारभारीण सांगते की मालक कुळांशी आणि नोकरांशी कसा वागतो, आणि तिथून लिझीचं मत फिरू लागतं. आपल्या सिनेमात ती मुलगी बागेत येईल तेव्हा ड्रोनने हिरव्यागार वेली दाखवू नका. थिनिंगच्या, म्हणजे द्राक्षांचे घड विरळ करण्याच्या, दिवसांत या. सुरगाणा-पेठहून आलेल्या टोळीतल्या एखाद्या बाईला बोलू द्या. मालक उचल कापतो कशी, हिशेब वहीत लिहून दाखवतो की तोंडी सांगतो, डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवताना, हातमोजे देतो का, रात्री लेकरू तापलं तेव्हा स्वतःची गाडी काढली होती का. तिने सांगितलेलं ऐकून आपल्या नायिकेला तो आवडायला लागला, तर मी तिकीट काढून पहिल्या दिवशी येईन आणि आईलाही घेऊन येईन.