घारी उतरतात म्हणून नदी जिवंत?

पुण्याच्या नदीकाठ सुधार प्रकल्पावरून आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात पंधरा दिवस वाद चालला आहे. त्यात माझ्या थोरल्या चुलत भावाने, म्हणजे दादाने, मुठेवर घिरट्या घालणाऱ्या घारींचे छायाचित्र टाकून लिहिले, की एवढ्या घारी येतात, मग नदी मेली ही ओरड खोटी आहे. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. घार उकिरड्यावरही पोट भरते. काठावर कचरा वाढला तर घारीही वाढतील.

मी अमेरिकेत मिनेसोटातल्या सेंट पॉलला राहतो. येथे राष्ट्रीय उद्यान सेवेच्या शास्त्रज्ञांनी २००६ पासून मिसिसिपी आणि सेंट क्रॉय या नद्यांकाठच्या बाल्ड ईगल या गरुडाची पिल्ले तपासली. दोराच्या आधाराने माणूस झाडावर चढतो, काही आठवड्यांचे पिल्लू पिशवीतून खाली सोडतो आणि रक्त व छातीवरची थोडी पिसे घेऊन झाली की ते पुन्हा घरट्यात ठेवतो. प्रौढ पक्षी कोठे काय खाऊन आला हे कळत नाही. पिल्लाला मात्र आईबाप घरट्याच्या आसपासची शिकार भरवतात, म्हणून त्याच्या रक्तातले विष बहुतांशी त्याच परिसरातले असते. पारा, शिसे, अमेरिकेत १९७२ मध्ये बंदी आलेल्या डीडीटी या कीटकनाशकाचे अवशेष, असे सारे त्यात मोजले गेले. डाग न धरणाऱ्या कापडात आणि आग विझवण्याच्या फेसात पूर्वी वापरले जाणारे पीएफओएस हे रसायन सेंट पॉलपासून हेस्टिंग्जपर्यंतच्या पट्ट्यात फार आढळले. ते बनवणाऱ्या थ्री-एम कंपनीने २००२ पर्यंत उत्पादन थांबवले होते, आणि पुढे पिल्लांच्या रक्तातील त्याचे प्रमाण उतरत गेले. नदी सुधारली असे म्हणायला असा पुरावा लागतो.

दादाच्या मते हे श्रीमंत देशाचे चोचले आहेत. पण जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्यांचे मृतदेह खाणाऱ्या गिधाडांना मारते हे आपल्याच उपखंडात उघड झाले आणि भारताने २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. पुण्याचे सांडपाणी भीमेतून उजनी धरणात जाते. तेथे मासे खाणारी ब्राह्मणी घार आहे. तिच्या पिल्लांचे रक्त तपासणे आपल्याला परवडणार नाही, असे मी मानत नाही.

यावर दादाने विचारले, की तू मुठेच्या पाण्याजवळ शेवटचा कधी उभा राहिलास. तो प्रश्न मला लागला. गेल्या डिसेंबरात लकडी पुलावरून जाताना मी मुलीला नाकाला रुमाल लावायला सांगितले आणि रिक्षा थांबवली नाही. आजोबा मला ज्या ओंकारेश्वराच्या घाटावर नेत, तो तिला दाखवायचा राहिला. येथे मात्र दर वसंतात मी तिला घेऊन गरुडाच्या घरट्यापासून अंतर राखून तास तास उभा असतो.