‘कोरोनात पण राजकारण?’ या कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट नीट वाचली. मी लिहिलं होतं की कोरोनाची भीतीसुद्धा लोकांना पक्ष बघून वाटायची, अमेरिकेत तशी आपल्या कोकणातही. त्यावर तुमचं म्हणणं, अमेरिकेतली भांडणं मी उगाच कोकणाला चिकटवली, मुंबईचा चाकरमानी 2020 ला गावी आला तो बाप्पासाठी, त्याला पक्षाशी काय देणंघेणं. बाप्पासाठीच आला हो, त्यात वादच नाही. माझा प्रश्न एवढाच की त्या प्रवासाची भीती कोणाला कधी वाटली आणि कधी गेली.

आमच्या वाडीतलंच सांगतो. मार्चमध्ये केंद्राने लॉकडाऊन लावला तेव्हा रस्त्यावर बांबू आडवे टाकायला जे काका सगळ्यात पुढे होते, मुंबईची गाडी दिसली की अंगावर धावून जायचे, तेच ऑगस्टमध्ये घरोघरी सांगत फिरायला लागले की दहा दिवसांचं क्वारंटाईन म्हणजे सण बुडवायचा डाव आहे, कारण आता नियम राज्याचा होता आणि राज्यात सरकार त्यांच्या पक्षाचं नव्हतं. 25 मार्चला राज्यात केसेस होत्या सव्वाशेच्या आसपास, आणि 12 ऑगस्टला, म्हणजे चाकरमान्यांना गावात पोचायची जी मुदत दिलेली त्या दिवशी, साडेपाच लाखांच्या घरात! धोका एवढा वाढला आणि काकांची भीती मात्र पळाली.

दुसरी बाजू पण तशीच, हे तुम्ही सोयीस्कर विसरलात. 2021 च्या ऑगस्टमध्ये भाजपची, नारायण राणेंची जन आशीर्वाद यात्रा कोकणात आली तेव्हा ‘गर्दीने तिसरी लाट आणणार हे’ म्हणून जे ओरडत होते, त्यातलेच कितीतरी त्याच आठवड्यात राणेंच्या निषेधाला खांद्याला खांदा लावून उभे, मास्क हनुवटीवर.

अमेरिकेचं उदाहरण दिलं कारण तिथे हे मोजलंय. मोबाईल लोकेशनवरून दिसलं की 2016 ला ट्रम्पना कौल दिलेल्या काउंट्यांमध्ये (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) मार्च ते मे 2020 मध्ये एकमेकांपासून अंतर, क्लिंटनना कौल दिलेल्या काउंट्यांपेक्षा, 14 टक्के कमी पाळलं गेलं. आपल्याकडे असं सरळ दोन रंगांत वाटता येणार नाही, मुंबईकर-गाववाले ही फूट त्याहून मोठी होती आणि ती एकेका घरातून गेलेली.

तुमच्या घरच्यांना क्वारंटाईन म्हणून शाळेत ठेवलं, बोलणी खावी लागली, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. पण गाववाल्यांची ती भीती पक्षाची नव्हती. अर्ध्या घरांत नुसती म्हातारी माणसं, सुरुवातीला तर रत्नागिरीचे स्वॅब मिरजेला जायचे, रिपोर्ट येईपर्यंत सगळी वाडी जीव मुठीत धरून. राग काढायचाच तर त्या भीतीवर आपापले झेंडे लावणाऱ्यांवर काढा, दोन्हीकडच्या.