एव्हरेस्टसाहेबावरचा चोरीचा आळ

व्हॉट्सॲपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत येतो: जॉर्ज एव्हरेस्ट नावाच्या इंग्रज साहेबाने जगातलं सर्वांत उंच शिखर मोजल्याचा आव आणला, खरं गणित करणाऱ्या राधानाथ सिकदरांचं श्रेय लाटलं आणि शिखराला स्वतःचं आडनाव चिकटवलं. सिकदरांबद्दलची कळकळ रास्त आहे, पण चोर चुकीचा पकडलाय.

आधी तारखा बघा. सर्व्हेअर जनरल, म्हणजे हिंदुस्थानच्या मोजणी खात्याचा प्रमुख, असलेला एव्हरेस्ट 1843 मध्ये निवृत्त होऊन विलायतेला गेला. या शिखराचे कोन बिहारच्या मैदानातून घेतले गेले 1849-50 च्या सुमारास, आणि 29,002 फूट हा आकडा जाहीर झाला 1856 मध्ये. आव आणायला तो इथे होताच कुठे?

नाव दिलं ते त्याच्या जागी आलेल्या अँड्र्यू वॉने. स्थानिक नाव सापडत नाही, ही त्याची सबब. नेपाळ-तिबेटची दारं तेव्हा सर्व्हेवाल्यांना बंद होती हे खरं, तरी सबब लंगडीच. तिबेटी लोक चोमोलुंग्मा म्हणतच होते. खुद्द एव्हरेस्टने 1857 मध्ये हरकत घेतली की हे नाव इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही. कोणी ऐकलं नाही. 1865 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तेच कायम केलं.

सिकदरांचं म्हणाल, तर 1831 मध्ये एव्हरेस्टच्याच हाताखाली ते नोकरीला लागले आणि त्यांच्या गणितावर साहेब बेहद्द खूश होता. नावाचा निर्णय झाला तेव्हा खुर्चीत वॉ होता. जाब विचारायचा तर त्याला विचारा. सिकदर धावत येऊन ‘साहेब, सर्वांत उंच शिखर सापडलं’ म्हणाले, ही मात्र दंतकथा.

एव्हरेस्टची खरी कमाई वेगळीच. मद्रासजवळ 1802 मध्ये विल्यम लॅम्बटनने सुरू केलेली हिंदुस्थानच्या जमिनीची मोजणी दक्षिणेतून वर सरकत होती. 1823 मध्ये लॅम्बटन आपल्या हिंगणघाटला वारला आणि ते काम एव्हरेस्टवर आलं. त्याने ते डेहराडूनपर्यंत नेलं. एकूण सुमारे 2,400 किलोमीटर. माणूस भयंकर तापट. त्याबद्दल शिव्या घाला, त्या खऱ्या ठरतील.

आडनावावरूनच बोलायचं, तर त्याची पुतणी मेरी एव्हरेस्टही आहे. गणितज्ञ जॉर्ज बूलची ही बायको. मुलांना गणित कसं शिकवावं यावर तिने पुस्तकं लिहिली. तिची मुलगी अलिशिया विद्यापीठाची पायरी न चढता चार मितींतल्या आकृत्यांवर काम करत होती.