सर्कल रेसवर नाही, मागच्या ब्रेकवर फिरतं

कोल्हापुरातल्या बाईकवाल्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक रील फिरतंय. ड्यूक बाईक, पुढचं चाक हवेत, आणि गाडी जागच्या जागी गोल गोल. पुढचं चाक उचलून चालवणं म्हणजे व्हीली, आणि तशीच गाडी गोल फिरवणं म्हणजे सर्कल. वर मजकूर साधारण असा: ‘सरळ व्हीली येते ना? मग सर्कल आठ दिवसांत. रेस सोडायची नाही, ब्रेकला पाय लावायचा नाही, वळायचं तिकडं हँडल वळवायचं. गाडी साडेतीनशे सीसीच्या वरची पाहिजे. हेल्मेटनं बॅलन्स जातो. पोलिसांनी धरलंच तर पाचशेची पावती. रात्री अकरानंतर रिंग रोड मोकळाच असतो. कोल्हापूरच्या पोराला काय शिकवायला लागतंय?’

शेवटच्या वाक्यावर लाइक पडणारच. गावाचं नाव आलं की आमच्याकडं डोकं बाजूला बसतं. बाकीची वाक्यं मात्र एकेक करून तपासायला हवीत, कारण त्यातल्या ब्रेकच्या वाक्यानं माणूस मरू शकतो.

‘ब्रेकला पाय लावायचा नाही.’ उलट आहे. व्हीलीत पाय मागच्या ब्रेकवरून हलवायचाच नसतो. चाक थोडंच उचललेलं असतं तोवर त्याला वर ठेवायला इंजिनाचा रेटा लागतो. रेस कमी केली की ते आपोआप खाली येतं. रीलवाल्यानं एवढंच पाहिलेलं दिसतं. पण गाडी आणखी उभी झाली की गाडीचं आणि स्वाराचं मिळून वजन मागच्या चाकाच्या बरोबर वर येतं. हा बॅलन्स पॉइंट. इथं रेस जवळजवळ लागत नाही. आणि याच्या पलीकडं गेलात तर वजनच गाडीला मागं ओढतं. रेस बंद करून ती खाली येईलच असं नाही. तिथं एकच इलाज: मागचा ब्रेक. चाक मंदावतं, वरचं वजन पुढं जायला बघतं आणि पुढचं चाक खाली झुकतं. पाय पेडलवर नसेल तर तो शोधायला जाणारा क्षणच जास्तीचा ठरतो.

सर्कलमध्ये तर ब्रेकशिवाय पानही हलत नाही. सरळ व्हीलीत रेसला एकच काम असतं, चाक वर ठेवणं. वर्तुळात गाडी आतल्या बाजूला कललेली असते आणि तो कल वेगावर तोललेला असतो. वेग कमी झाला की गाडी आत पडायला लागते. तिला सावरायला रेस दिली की पुढचं चाकही वर जातं. म्हणजे एका मुठीला दोन कामं, आणि दोन्ही एकमेकांच्या आड येणारी. ही गाठ ब्रेकनं सुटते. हलका ब्रेक सतत लावून ठेवायचा आणि त्याच्या विरोधात रेस द्यायची: कल आणि वेग मुठीनं सांभाळायचा, चाकाची उंची पायानं. चांगलं सर्कल मारणाऱ्याच्या उजव्या पायाकडं नीट बघा. टाच फूटरेस्टवर रोवलेली असते आणि बुटाचं टोक सारखं बारीक बारीक हलत असतं. गाडीचं पेडल बघितलं तर त्याची एकच कड झिजून गुळगुळीत झालेली सापडते. रीलमध्ये हे दिसत नाही, कारण ते डाव्या बाजूनं काढलंय.

पायाच्या ब्रेकवर शिकणारे बहुतेक जण डावीकडचं सर्कल आधी घेतात, तेही याचसाठी. डावीकडं वळताना उजवा पाय बाहेरच्या, वरच्या बाजूला मोकळा राहतो. मुरलेले स्टंट रायडर डाव्या हँडलवर क्लचखाली मागच्या ब्रेकचा दुसरा लिव्हर बसवून घेतात, म्हणजे पायाचा प्रश्नच मिटतो.

एक गोष्ट जाता जाता. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. काहींना ते फक्त पुढच्या चाकाला असतं, काहींना दोन्हींना. चाक हवेत असताना पुढचा सेन्सर आणि मागचा सेन्सर वेगवेगळं काही सांगत असतात. मागं एबीएस असलेल्या गाडीचा ब्रेक अशा वेळी कसा वागतो, हे माहीत असल्याशिवाय त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

‘वळायचं तिकडं हँडल वळवायचं.’ जे चाक जमिनीला लागतच नाही, ते वळवून गाडी कशी वळणार? हवेतलं चाक सुरुवातीला फिरत असतं, त्यामुळं हँडल हलवलं की थोडा झटका जाणवतो. चाक थांबलं की तेही संपलं. गाडी वळते ती कलल्यामुळं, आणि कलते ती अंगाच्या हालचालीनं, नजरेनं, फूटरेस्टवरच्या दाबानं.

किती कलायचं याचा ढोबळ हिशेब शाळेतल्या फिजिक्सनं निघतो. 4 मीटर त्रिज्येचं वर्तुळ, ताशी 15 किलोमीटर वेग: गाडी सुमारे 24 अंश कलायला हवी. एक फेरी साधारण 6 सेकंदांत. आता तेच वर्तुळ ठेवून वेग फक्त 20 करा. कल थेट 38 अंशांवर जातो. ताशी 5 किलोमीटर म्हणजे मूठ किती हलली? ‘रेस सोडायची नाही’ म्हणणाऱ्यानं एवढं गणित करून बघावं.

‘आठ दिवसांत.’ आमच्या तालमीत नव्या पोराला डाव शिकवायच्या आधी पडायला शिकवतात. इथंही पहिलं काम चाक उचलून ब्रेकनं खाली आणणं, पुन्हा उचलणं, पुन्हा आणणं, पाय मनाच्या आधी चालायला लागेपर्यंत. मग बॅलन्स पॉइंटवर, पहिल्या गिअरला, माणूस शेजारून पळू शकेल इतक्या सावकाश व्हीली. मग व्हीलीतच डावी-उजवीकडं नागमोडी. त्यानंतर मोठ्या वळणाचा पाव गोल, अर्धा, पूर्ण, आणि शेवटी गोल आवळत आणायचा. कुणाला यातली एकच पायरी महिनाभर पुरते. त्यात गाडीची तयारी वेगळी: इंजिनाभोवती पाईपची केज, सीटच्या मागं जमिनीला आधी टेकणारा बार. उद्यमनगरात पाईप वाकवून वेल्ड करून देणारा मिळतो, तो भाग सोपा. वापरलेल्या गाडीचा हा बार खालून घासून आरशासारखा चकाकतो. शिकताना गाडी किती वेळा मागं टेकलीय, ते तिथं लिहिलेलं असतं. शिवाय गाडी वारंवार उभी राहिली की ऑइल मागं सरकतं आणि पंपाला हवा लागू शकते. तेवढ्यानं इंजिन जाम होतं.

‘साडेतीनशेच्या वरची गाडी.’ 1991 मध्ये जपानमध्ये यासुयुकी कुदो यांनी मागच्या एका चाकावर सलग 331 किलोमीटर गाडी चालवली, ती होंडाची टीएलएम220आर होती. 216 सीसी, ट्रायल्सची, म्हणजे अडथळ्यांवरून गाडी नेण्याच्या खेळातली हलकी गाडी. परदेशात 600 सीसीच्या गाड्यांवर सर्कल मारणारे भरपूर आहेत, पण ते मागं 60 दातांच्या घरातलं मोठं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बसवतात, म्हणजे तीच ताकदवान गाडी पहिल्या गिअरला गोगलगाय होते. ताकद कमी करायला पैसे घालायचे आणि त्यासाठी आधी ताकदवान गाडी घ्यायची, हा व्यवहार शिकाऊ पोराच्या बापानं का करावा?

‘हेल्मेटनं बॅलन्स जातो.’ तोल सांभाळणारा अवयव आतल्या कानात, कवटीच्या हाडात असतो. त्याला हेल्मेटनं काही होत नाही. व्हीलीत माणूस उताणा पडतो, आणि उताणं पडल्यावर डोक्याचा मागचा भाग आपटतो. या दाव्याला यापेक्षा जास्त जागा देत नाही.

‘पाचशेची पावती.’ मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये धोकादायक गाडी चालवण्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी 6 महिने ते 1 वर्ष कैद, किंवा 1000 ते 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम 199अ लागतं: पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द, आणि पोराला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स नाही. ते रील शेअर करणाऱ्यांत अकरावी-बारावीची पोरं बरीच आहेत.

राहिला रिंग रोड. दोन पदरी रस्ता साधारण 7 मीटर रुंद धरतात. वर सांगितलेलं वर्तुळ 8 मीटर व्यासाचं आहे. म्हणजे सगळं बिनचूक झालं तरी चाक साइडपट्टीत जाणार. चुकलं तर दुभाजकावर, नाहीतर गटारात. उसाच्या हंगामात रात्री अकरानंतर तो रस्ता मोकळा नसतोच; बिनलाइटच्या जोडट्रॉल्या घेऊन ट्रॅक्टर साखर कारखान्याकडं निघालेले असतात. त्यातून पडलेली पाचट आणि उसाची कांडकी डांबरावर पसरलेली असतात. एका चाकावर कललेल्या गाडीला जमिनीचा आधार तळहाताएवढा. त्याखाली एक कांडकं आलं की संपलं.

जागाच हवी असेल तर शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या शेडचं काँक्रीटचं आवार सुट्टीच्या दिवशी बघा. मालकाची परवानगी घ्या, गेट लावा, सोबत गाडी चालवता येणारा एक माणूस ठेवा, दवाखान्यात न्यायची वेळ आली तर. वर्तुळाच्या चारी बाजूंना आणखी दहा-दहा मीटर मोकळे हवेत. आणि गाडी काढायच्या आधी झाडू मारून घ्या. फाउंड्रीच्या आवारात वाळू आणि लेथचा किस कुठंही पडलेला असतो.