शीट माझी, ॐ काकांचा

कालपासून डोकं फिरलंय आणि घरी सांगितलं तर सगळे हसतायत. मला फक्त एक कॉम्प्युटर टेबल हवं होतं. सुतार "उद्या येतो" म्हणून जो गेला तो गेलाच, मग म्हटलं डिझाईन आपणच करू आणि सीएनसी राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगप्रमाणे लाकूड कापणाऱ्या मशीनवर, कापून घेऊ, खाचेत खाच, एक स्क्रू नको. नऱ्ह्याकडे एक जॉबवाला सापडला, तिकडे प्लायवूडची शीट टाकली.

त्या शीटबद्दल बोलूच द्या. ८ बाय ४ फूट, ७१० ग्रेड (म्हणजे वॉटरप्रूफ प्लाय), १८ एमएम जाडीची म्हणून घेतलेली. जाडी मोजायला व्हर्नियर लावला तर एका कडेला १७.३, दुसरीकडे १७.५. १८ची खाच कापली तर टेबल डुगडुगणार, म्हणून ड्रॉइंगमधली एकेक खाच बदलत बसलो. दुकानदार म्हणतो, "साहेब, १८ म्हणजे १८च्या आसपास." पैसे मात्र आसपासचे चालत नाहीत, ते अख्ख्या १८चे.

असो. जॉबवाला दिवसभर देवघराच्या जाळ्या कापतो, भिंतीला मोर, कमळं, कृष्ण, सगळ्यांवर एमडीएफचा भुगा. तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत एक काका. त्यांची जाळी कधीच कापून झाली होती, पण उठायचं नाव नाही. मशीन सुरू झालं, बिट, म्हणजे कापायचं पातं, १८,००० आरपीएमने फिरतंय, वर डस्ट कलेक्टरची घरघर, आणि तरी काका स्वच्छ ऐकू येत होते.

"टूलरूमला होतो मी. आमच्या वेळी कागदी टेपवर प्रोग्राम, एक भोक चुकलं की जॉब भंगारात. तुमचं आपलं पेन ड्राइव्ह लावला की झालं."

"हो काका."

"आणि हे कोपऱ्यात काय, उंदरानं कुरतडलंय?"

मी समजावलं की बिट गोल, ६ एमएमचं, आतला कोपरा काटकोनात निघतच नाही, ३ एमएमची गोलाई राहते, मग चौकोनी फळी आत बसणार कशी, म्हणून कोपरा मुद्दाम जरा जास्त कोरायचा.

"पटाशीचे दोन ठोके मारले की निघतो की कोपरा."

हे खरं आहे. म्हणूनच जास्त राग आला.

मग त्यांचं लक्ष स्क्रीनवर. "हा एवढा तुकडा वाया घालवताय?"

"वाया नाही काका, त्यातून चपलांचा रॅक करणारे."

"चपलांना ७१०? वॉटरप्रूफ?"

"पावसात चपलाच ओल्या होतात ना काका."

हे त्यांना अजिबात पटलं नाही. ऑपरेटरकडे वळून म्हणाले, "बाळा, तुझा तो ॐ बसेल का रे एवढ्यात?" मी हसलो, म्हटलं गंमत करतायत. तेवढ्यात बायकोचा फोन आला, आत काही ऐकू येईना म्हणून बाहेर गेलो. परत येतो तर ॐ कापून तयार. फाईल त्या पोराकडे आधीचीच होती, "सर, शीट लावलेलीच होती, म्हटलं घेऊन टाकू."

आणि आला किती सुंदर! ॐला आतला काटकोनी कोपरा कुठाय, सगळी वळणंच, बिट नुसतं पळत गेलं असणार. माझ्या खाचांच्या कडेला मात्र वरचं व्हिनियर उचकटून कुसळं निघालेली, ती आता मी पॉलिश पेपरने घासत बसणार.

"तुमचं प्लाय देवाच्या कामी आलं," काका म्हणाले, "पुण्य लागेल."

यावर माणूस बोलणार काय? मोर कापला असता तर भांडलो असतो, खरंच भांडलो असतो. पण ॐवरून भांडायचं म्हणजे आपणच पापी. असल्या लोकांना हे बरोबर माहीत असतं, सोसायटीची वर्गणी मागणाऱ्यांनाही माहीत असतं. देवाला पुढे करायचं आणि पाकीट समोरच्याचं उघडायचं.

बिल मशीनच्या वेळेवर. बघितलं तर ॐची मिनिटंसुद्धा माझ्याच नावावर. विचारलं तर पोरगा निरागसपणे म्हणतो, "सर, शीट तुमची होती ना."

काका तोवर बाहेर स्कूटरपाशी. "अहो, जरा धरा हो हा, मी जाळी बांधतो." आणि ॐ माझ्या हातात देऊन निवांत दोरी शोधत बसले. आता ॐ होता, खाली तरी कसा ठेवणार.