त्रिफळ्याची चूळ दाताच्या मुळापर्यंत पोहोचत नाही

माझ्या मावशीच्या खालच्या दाढेचे रूट कॅनल अर्ध्यावर थांबले आहे. पहिल्या बैठकीत नस काढून दाढ तात्पुरत्या सिमेंटने बंद केली होती आणि आठवड्याने तिने परत जायचे होते. त्याऐवजी गेले तीन आठवडे ती रोज सकाळी त्रिफळ्याच्या काढ्याने चुळा भरते आहे. याला कारण भिशीच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला एक संदेश. त्यात म्हटले आहे की, दंतवैद्य मुळात 'फरशी पुसायचे ब्लीच' सोडतात आणि ते विष आहे. त्रिफळा त्याच्या तोडीचा असल्याचे भारतीय शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. एकवीस दिवस चुळा भरल्या की मुळातले जंतू मरतात. आणि उपचार करायचाच असेल, तर ब्लीच व क्लोरहेक्सिडिन हे दुसरे जंतुनाशक एकत्र करून वापरायला सांगावे, म्हणजे परिणाम दुप्पट होतो. मी स्वतः दंतवैद्य आहे. मावशीने मला विचारण्याआधी गटावर विश्वास ठेवला, याचा राग पुढील मजकुरात दिसला तर त्यात नवल नाही.

सर्वांत घातक मुद्दा चुळांचा, म्हणून तो आधी. हा संसर्ग दाढेच्या पृष्ठभागावर नसून मुळातल्या नलिकांमध्ये असतो आणि तिथे शिरणाऱ्या पहिल्या फाइलचे (नलिका खरवडून साफ करायच्या सुईसारख्या अवजाराचे) टोक बहुधा ०.१ मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक असते. नलिकेच्या भिंतींतून आणखी सूक्ष्म नळ्या डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थरात, गेलेल्या असतात व जंतू त्यांत दडून बसतात. आम्ही बाजूला छिद्र असलेली सुई मुळाच्या टोकाच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडे नेऊन द्रावण सोडतो, तरीही सगळे कानेकोपरे धुतले गेल्याची खात्री देता येत नाही. तोंडातला काढा तर सिमेंटच्या झाकणावरूनच फिरून बाहेर पडतो. 'ठणका थांबला, म्हणजे गुण आला,' असे मावशी सांगते. पण ठणका नस काढल्यामुळे थांबला होता आणि श्रेय काढ्याला मिळाले. काल व्हिडिओ कॉलवर तिने तोंड उघडून दाखवले, तेव्हा त्या सिमेंटची एक कड तुटलेली होती. तिथून लाळ आणि तिच्याबरोबर नवे जंतू आत झिरपत असणार.

त्रिफळ्याबाबतचे अर्धसत्य मात्र मान्य करावे लागते. २०१० साली 'जर्नल ऑफ एंडोडॉन्टिक्स'मध्ये भारतीय संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात काढलेल्या दातांवर एन्टरोकोकस फीकॅलिस या चिवट जंतूचा थर वाढवून त्यावर त्रिफळा, ग्रीन टीमधील पॉलिफिनॉल, एमटॅड हे नलिका धुण्याचे प्रतिजैविकयुक्त द्रावण आणि ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे संदेशातले 'ब्लीच', यांची तुलना केली होती. त्रिफळ्याने जंतू लक्षणीय प्रमाणात मारले, हे खरे. पण सर्वाधिक परिणाम हायपोक्लोराइटचा आढळला आणि नेमके तेवढेच संदेशातून गाळले आहे. त्या दातांवर कोणी चुळा भरल्या नव्हत्या, हे वेगळे सांगायला नको. शिवाय जंतू किती मेले एवढ्यावर तुलना संपत नाही. हायपोक्लोराइट नसेचे मेलेले, कुजके अवशेष विरघळवते; क्लोरहेक्सिडिन डेंटिनला धरून राहते आणि त्याचा परिणाम बराच काळ टिकतो, पण ते अवशेष त्याने विरघळत नाहीत. म्हणून ते हायपोक्लोराइटची जागा घेऊ शकत नाही.

'ब्लीच' हा शब्द खोटा नाही. रसायन तेच आहे. पहिल्या महायुद्धात त्याच रसायनाच्या सुमारे अर्धा टक्का द्रावणाने सैनिकांच्या जखमा धुतल्या जात होत्या. ते मुळाच्या टोकापलीकडे गेले तर तीव्र वेदना, सूज आणि काळेनिळे डाग पडतात, हेही खरे. रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) लावणे आणि सुई अडकू न देता हलक्या दाबाने द्रावण सोडणे त्यासाठीच असते. टक्केवारीवरून आमच्यातही वाद आहेत: २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या रोहतकमधील चाचणीत १ आणि ५ टक्के द्रावणांच्या यशात लक्षणीय फरक आढळला नाही.

राहिला दोन्ही द्रावणे एकत्र करण्याचा सल्ला. काचेच्या बशीत दोन्हींचे थेंब एकमेकांत मिसळताच नारिंगी-तपकिरी साका तयार होतो. नलिकेत तो भिंतींना चिकटतो, सूक्ष्म नळ्यांची तोंडे बुजवतो आणि दातावर डागही पाडू शकतो. म्हणूनच दोन्ही वापरायचीच असली, तर मध्ये सलाइनने नलिका धुऊन कागदी पॉइंटने (शोषक कागदाच्या बारीक काडीने) कोरडी करतात. संदेश लिहिणाऱ्याने हा प्रयोग बशीतही केलेला दिसत नाही आणि तो माझ्या मावशीच्या दाढेत करायला सांगतो आहे.